मुलीला टाईप वन डायबेटिस आहे. नव्या शाळेत सांगायचं की नको?

रंकाळ्याकाठची | २६ मे, रात्री १०.४०

नमस्कार. दोन वर्षं इथं नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी १० वर्षांची. गेल्या दिवाळीच्या सुमारास ती सारखं पाणी प्यायला लागली. उशाशी ठेवलेला तांब्या रात्रीतून दोनदा रिकामा व्हायचा. मग सारखं लघवीला उठणं. तीन वर्षांची झाल्यापासून कधी गादी ओली न केलेली पोर गादी ओली करायला लागली आणि मी तिला रागावले. ते आठवलं की आजही पोटात कालवतं. दिवाळीचा नवा फ्रॉक तुळशीच्या लग्नापर्यंत अंगावर ढगळ झाला. सासूबाई म्हणाल्या, उंची काढत्येय. एका पहाटे उलट्या आणि धाप सुरू झाली तेव्हा दवाखान्यात पळालो. रक्तातली साखर ५१२. पाच दिवस आयसीयूत होती. डॉक्टरांनी सांगितलं, टाईप वन. शरीरात इन्शुलिन तयार होणंच थांबलंय. जास्त गोड खाल्लं म्हणून नाही, कुणाच्या चुकीनं नाही.

आता दिवसाला चार इंजेक्शनं. बोटाला सुई टोचून साखर बघणं ती स्वतः करते, पेननं इन्शुलिन घेणंही शिकली. चौथी गल्लीतल्याच शाळेत झाली. बाई ओळखीच्या, मी रोज दुपारी जाऊन यायचे. आता पाचवीला मोठी शाळा. वर्गात ५४ मुलं, ये-जा रिक्षानं, आणि माझी नोकरी.

सासूबाई आणि थोरले दीर म्हणतात, शाळेत काही सांगू नको. मुलीची जात आहे, एकदा गावभर झालं की कायमचं चिकटतं. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मला वेगळीच भीती आहे. सांगितलं तर तिला खेळू देणार नाहीत. आणि ती फुटबॉलवेडी आहे. मागच्या आठवड्यात मला म्हणाली, "आई, मी खेळतो की. मला बसवू नकोस."

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? काय सांगितलंत, कुणाला सांगितलंत?


तिखटमीठ | २६ मे, रात्री ११.२५

ताई, वाचून जीव गलबलला. मी जे लिहिते ते तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहिते.

माझ्या भाचीला फीट यायची. बहिणीनं शाळेत सगळं सांगितलं. पुढच्या सोमवारपासून पोरगी शेवटच्या बाकावर, एकटी. सहलीला नेलं नाही, "जबाबदारी कोण घेणार" म्हणून. वाढदिवसाची बोलावणी बंद झाली. तिचं दुखणं गोळ्यांनी दोन वर्षांत आटोक्यात आलं, पण ती जी गप्प झाली ती आजही गप्पच आहे. तुमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या असतील, पण त्यांनी जग बघितलंय. मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकेला सांगा, त्यापुढं कुणाला नको.


शेंगदाणा | २७ मे, सकाळी ७.१०

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. टाईप वन, वयाच्या आठव्या वर्षापासून.

आठवी-नववीत मी लपवायचो. मधल्या सुट्टीतलं इन्शुलिन बाथरूममध्ये घ्यायचो, एका हातानं दार धरून, कारण कडी तुटलेली होती. कधी कधी घ्यायचोच नाही. नववीच्या चाचणीत, भूगोलाच्या पेपरला, साखर उतरली. मला आठवतं ते एवढंच की ओळी तिरक्या जायला लागल्या आणि नकाशातल्या नद्या सगळ्या एकाच रंगाच्या दिसत होत्या. बाईंना वाटलं झोप येत्येय. उभं केलं. मी पडलो. शेजारच्या मैत्रिणीच्या डब्यात त्या दिवशी लाडू होता, पण तिला माहीतच नव्हतं की मला गोड द्यायचंय. उलट तिनं ऐकलं होतं की डायबेटिसवाल्यांना गोड चालत नाही.

त्यानंतर वर्गात सांगितलं. तीच मैत्रीण दहावी होईपर्यंत कंपासपेटीत ग्लुकोज पावडरची पुडी ठेवायची. कर्कटकाला पावडर लागून मुंग्या यायच्या.

काकू, लपवण्याचा त्रास दुखण्यापेक्षा जास्त होता. पण कुणाला सांगायचं ते आधी तिला विचारा. माझं आईनं मला न विचारता हळदीकुंकवात सांगितलं होतं, ते मला बरेच दिवस लागलं होतं.


बाळगुटी | २७ मे, दुपारी २.३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळं डोस वगैरे तिच्या डॉक्टरांकडूनच. पण शाळेला काय कळायला हवं ते सांगतो.

दोन गोष्टी होऊ शकतात. साखर खूप उतरणं आणि साखर खूप चढणं. शाळेच्या दृष्टीनं घाई असते ती उतरण्याची. ७० च्या खाली गेली की उतरली. घाम, थरथर, चेहरा पांढरा, एकदम चिडणं किंवा रडणं, बोलणं असंबद्ध, अक्षर बिघडणं. शेंगदाणानं जे लिहिलंय ते अगदी पुस्तकातलं लक्षण आहे. अशा वेळी मुलीला "ऑफिसात जा" म्हणून एकटीला जिन्यावर पाठवायचं नाही. जिथं आहे तिथंच बसवायचं आणि साखर द्यायची. मशीन हाताशी असेल तर आधी टोचून बघा, नसेल तर तपासत बसू नका.

किती द्यायची? बहुतेक ठिकाणी १५ ग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण तीन चमचे. ते मोठ्या माणसाचं माप आहे. मुलांना किलोमागे ०.३ ग्रॅम पुरतं. वजन २८ किलो असेल तर साडेआठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन छोटे चमचे साखर, अर्ध्या पेल्यात विरघळवून. १५ मिनिटांनी परत टोचून बघायचं. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा. वर आली आणि जेवणाला वेळ असेल तर पोळी किंवा बिस्किटं. चॉकलेट, पेढा, लाडू यांत स्निग्ध पदार्थ असतात, त्यानं साखर रक्तात उशिरा पोचते. म्हणून पहिली निवड साधी साखर किंवा ग्लुकोज.

बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन, मग आईला. हा क्रम असाच. पालकांना फोन लागेपर्यंत थांबणं ही नेहमी होणारी चूक.

साखर चढली तर तहान लागते आणि लघवीला सारखं जावं लागतं. तिला वर्गातून न विचारता बाहेर जाता आलं पाहिजे आणि बाकावर पाण्याची बाटली असली पाहिजे. शाळेची स्वच्छतागृहं घाण म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एरवी त्यानं लघवीचं इन्फेक्शन होतं, हिच्या बाबतीत प्रकरण फार लवकर बिघडेल. चढलेल्या साखरेबरोबर उलट्या आणि पोटदुखी असेल तर "पित्त झालं असेल" म्हणून झोपवू नका, लगेच घरी कळवा.

खेळाबद्दल: जरूर खेळू दे. आधी साखर बघायची, ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मैदानात जायचं. भरपूर खेळ झाला त्या दिवशी रात्रीसुद्धा साखर उतरू शकते, तेव्हा झोपण्याआधी बघा. वसीम अक्रमला टाईप वनचं निदान झालं १९९७ साली, ऐन भरात असताना. त्यानंतरही तो २००३ पर्यंत वेगात गोलंदाजी करत होता. तिला हे सांगा.

तिखटमीठ यांना: फीट आलेल्या मुलालाही कुशीवरच वळवायचं. कांदा, चप्पल, चमचा काही नाही. घड्याळ बघायचं, ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८.


कागलकर | २७ मे, रात्री ९.०५

साखरेचं मला कळत नाही. मुलाला दमा आहे. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की शिवारात पाचट पेटतं, गुऱ्हाळांचा धूर असतो, त्या तीन-चार महिन्यांत त्याचा दम्याचा पंप (इनहेलर) खिशातच पाहिजे.

आम्ही शाळेला सांगितलं होतं. अर्ज दिला, पंप दिला, त्याला लावायची नळी (स्पेसर) दिली. त्यांनी तो नीट ठेवला. इतका नीट ठेवला की कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडं ते त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला. पोरगं व्हरांड्यात पायरीवर पुढं वाकून बसलेलं, खांदे वर-खाली होत होते आणि ओठांचा रंग उतरलेला. शिपाईमामांनी त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पोचवलं म्हणून आज हे लिहितोय. शाळेवर माझा राग नाही, सगळे मनानं चांगले होते. पण सांगितलं म्हणजे झालं असं नाही. वस्तू कुठं आहे, कुलूप आहे का, किल्ली कुणाकडं, ते माणूस रजेवर गेलं तर काय, हे उभं राहून डोळ्यांनी बघून यायचं.

आता पंप त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो आणि दुसरा वर्गात खुंटीवर पिशवीत. कुलूप नाही.


रंकाळ्याकाठची | २७ मे, रात्री ११.५०

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, दोन चमच्यांचं माप लिहून घेतलं. आम्ही घाबरून दर वेळी मूठभर साखर द्यायचो आणि मग तासाभरात ३०० दिसायची. शेंगदाणा, बाळा, तुझं वाचून मी आणि मिस्टर दोघंही बराच वेळ गप्प बसलो होतो.

आज तिला विचारलं. म्हणाली, "बाईंना सांग. आणि जी माझ्या शेजारी बसेल तिला मी सांगतो. बाकीच्यांना विचारलं तरच."


झेडपीचा मास्तर | २८ मे, संध्याकाळी ६.४५

ताई, शिक्षकाच्या बाजूनं थोडं लिहितो.

आमच्या शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत दोनदा येतात. २०१३ पासून हे चालू आहे, शून्य ते १८ वयाच्या मुलांसाठी. जन्मतः असलेले दोष, जीवनसत्त्वांची आणि लोहाची कमतरता, आजार, वाढीतला मागासपणा, हे सगळं बघतात आणि पुढं पाठवलेल्या मुलाचे उपचार मोफत होतात. माझ्या वर्गातल्या एका पोराच्या हृदयाचं छिद्र याच तपासणीत सापडलं, ऑपरेशन होऊन तो आता कबड्डी खेळतो. तुमची शाळा अनुदानित असेल तर तिथंही हे पथक येतं. कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलीची फाईल घेऊन स्वतः जा. बरेच पालक त्या दिवशी मुलाला घरी ठेवतात, "इंजेक्शन देतात" म्हणून. तसं करू नका. १० फेब्रुवारीच्या जंताच्या गोळीच्या दिवशीही तीच गत, निम्मी बाकं रिकामी.

पण पथक वर्षाला एक दिवस. उरलेले दिवस पोर आमच्यासमोर असतं आणि खरं सांगतो, आम्हाला भीती वाटते. मी काही दिलं आणि काही बरंवाईट झालं तर? म्हणून शिक्षक हात मागं घेतात. भाचीला शेवटच्या बाकावर बसवणाऱ्या बाईंचं मी समर्थन करत नाही, पण त्यामागं बहुतेक वेळा हीच भीती असते. ती घालवायची तर कागद लागतो.

तुम्ही असं करा. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, सोबत डॉक्टरांचं पत्र. आवक क्रमांक घेऊन पोच घ्या. अर्जात स्पष्ट लिहा की इन्शुलिन शिक्षकांनी द्यायचं नाही, मुलगी स्वतः घेईल. शिक्षकांनी करायची गोष्ट एकच, साखर उतरल्यावर साखरपाणी देणं, आणि त्याला तुमची लेखी संमती. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहिलंय की अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इंजेक्शन घेऊ द्या, मधे खाऊ द्या. सीबीएसईनं तर २०१७ पासून परीक्षेच्या हॉलमध्ये खाऊ न्यायची परवानगी दिलीय. मुख्याध्यापक का-कू करायला लागले तर एवढं सांगितलं तरी पुरतं.

आणि शिक्षकासाठी एकच पान. दोन पानं झाली की कुणी वाचत नाही. मोठ्या अक्षरात, मराठीत. आमची बदली होते, रजा असते, ऑफ तासाला दुसरेच शिक्षक येतात. पान हजेरीच्या वहीत चिकटवलं की जो कुणी हजेरी घेईल त्याच्या नजरेला पडतं.


तीनचाकी | २८ मे, रात्री १०.३०

नमस्कार मंडळी. मी शाळेची रिक्षा चालवतो, २२ वर्षं झाली. मुलगी हे वाचत होती तिनं मला वाचून दाखवलं, टाईप पण तीच करत्येय.

ताई तुम्ही बाईंना सांगणार, मुख्याध्यापकांना सांगणार. आम्हाला कोण सांगणार? शाळा सुटल्यावर पोरं दमलेली, भुकेलेली असतात आणि पाऊण तास माझ्याकडं असतात. पावसात दसरा चौकात गाड्या अडकल्या की सव्वा तास. मागं कोण झोपलंय म्हणून आम्ही उठवत नाही, दमलं असेल म्हणतो. माझ्याच रिक्षात एक पोरगं असंच झोपलं होतं, घरापाशी उठवलं तर उठेना. देवाच्या कृपेनं वाचलं. त्याच्या घरच्यांनी मग सांगितलं त्याला साखरेचं आहे. मी म्हटलं, वैनी, आधी सांगितलं असतं तर पुढं माझ्याशेजारी बसवला असता की.

तुमच्या रिक्षामामाला सांगा. पुडी द्या. शिकलेला नसला तरी चालतंय, घाम आणि पांढरं तोंड आम्हाला पण दिसतंय.


तिखटमीठ | २९ मे, सकाळी ९.१५

रिक्षावाल्या दादांचं वाचलं आणि काल रात्री मला झोप लागली नाही. हा विचार मी केलाच नव्हता.

माझं मत थोडं बदललंय, सगळं नाही. जो माणूस मुलीजवळ असतो त्याला सांगा, पटलं. पण कागद नोटीस बोर्डावर, वर्गाच्या भिंतीवर लावू देऊ नका. भाचीचं नाव ऑफिसच्या काचेवर लावलं होतं, "आजारी विद्यार्थी" म्हणून, खाली फोटो. येणारा-जाणारा प्रत्येक पालक वाचायचा. मास्तरांनी सांगितलेली हजेरीची वही बरी. आणि "आजारी" शब्द नको. ती आजारी नाही.


जुना राजवाडा | २९ मे, दुपारी ४.००

मी निवृत्त मुख्याध्यापक. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर (कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता, त्या काळचा १ रुपया. पोर शाळेत आणायची सक्ती ज्या गावानं शंभर वर्षांपूर्वी केली, त्या गावातल्या शाळेनं आलेलं पोर "जबाबदारी कोण घेणार" म्हणून परत पाठवावं किंवा कोपऱ्यात बसवावं, हे मला सहन होत नाही. जबाबदारी शाळेचीच. ताई, विनंतीच्या सुरात अर्ज लिहू नका. माहितीच्या सुरात लिहा.


पाटगावची | ३० मे, दुपारी १.२०

आमच्याकडं मुलाला हेच आहे, ७ वर्षांचा. इथं शाळेत पोषण आहाराची खिचडी असते. सगळी पोरं पंगतीत जेवतात, याला वेगळा डबा दिला तर रडतो. खिचडी चालेल का? दुसरं, आमच्याकडं लाईट दोन-दोन दिवस जाते, फ्रीजचा भरवसा नाही. इन्शुलिनचं काय करायचं?


बाळगुटी | ३० मे, रात्री ९.४०

पाटगावच्या ताई, पंगतीत बसू दे त्याला. खिचडी चांगलीच आहे, डाळ आहे, भाजी आहे. प्रश्न मापाचा. पहिली ते पाचवीला एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असं सरकारी प्रमाण आहे. तेवढं सगळं खाल्लं तर ९० ग्रॅमच्या आसपास पिष्ट पदार्थ पोटात जातात, ७ वर्षांच्या मुलाला ते एका वेळी बरेच होतात. शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींना तुमच्या घरची एक वाटी नेऊन द्या. रोज त्याच वाटीनं तेवढीच खिचडी वाढायची. वाटी ठरली की डोस ठरवता येतो. तो कमी-जास्त जेवत असेल तर इंजेक्शन जेवणाआधी की लगेच नंतर, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

इन्शुलिन: चालू असलेलं पेन बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, ३० अंशांच्या आत असेल तर. न उघडलेल्यांसाठी फ्रीज हवा. लाईट नसेल तेव्हा ओल्या वाळूत मातीचं मडकं ठेवा, मडक्यात थोडं पाणी, त्यात झाकणाचा स्टीलचा डबा आणि डब्यात इन्शुलिन, कोरडं. बर्फाला मात्र कधी चिकटू देऊ नका, गोठलं की ते वाया गेलं.


रंकाळ्याकाठची | १३ जून, रात्री ९.३०

परवा शाळेत जाऊन आले. अर्ज दिला, पोच घेतली. मुख्याध्यापक सुरुवातीला "डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणा, मग खेळाचं बघू" म्हणाले. मी डॉक्टरांच्या पत्रातली ओळ दाखवली, "खेळण्यास कोणतीही हरकत नाही, खेळावे." मग पी.टी.च्या सरांना बोलावलं. सर म्हणाले, "माझ्या वडिलांना इन्शुलिन आहे, मला टोचता येतं." मला तिथंच रडू आलं.

कागलकर दादा, तुमचं ऐकून उभं राहून बघून आले. साखरेच्या पुड्यांची डबी (एका पुडीत दोन चमचे) वर्गाच्या कपाटात, वरच्या फळीवर. कपाटाला कुलूप होतं. बाईंनी माझ्यादेखत काढून ठेवलं.

हजेरीच्या वहीत चिकटवलेलं पान असं आहे. कुणाला हवं तर घ्या.

"मला टाईप वन डायबेटिस आहे. मी सगळं खाऊ शकतो, खेळू शकतो. जेवणाआधी मी स्वतः इंजेक्शन घेतो. मला पाणी प्यायला आणि बाहेर जायला लगेच परवानगी द्या. मला घाम आला, मी थरथरलो, विचित्र बोललो किंवा गप्प झालो तर मला जागेवरच बसवा. एक पुडी साखर अर्धा पेला पाण्यात द्या. १५ मिनिटांनी तपासा. ७० पेक्षा कमी असेल तर अजून एक पुडी. मला एकटं सोडू नका. मी उठत नसेन तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, मग आईला."

खाली माझा आणि मिस्टरांचा नंबर. मजकूर तिनंच सांगितला, तिच्याच बोलीत ठेवलाय.

सासूबाईंना अजून पसंत नाही. त्या काही बोलत नाहीत, पण अर्ज टाईप करून आणला त्या दिवशी जेवल्या नाहीत.


कागलकर | १३ जून, रात्री १०.१५

पान भारी झालंय ताई. पोराकडून दम्याचं असंच लिहून घेतो.


तीनचाकी | १४ जून, सकाळी ६.५०

रिक्षामामाचं काय केलंसा?


रंकाळ्याकाठची | १४ जून, सकाळी ७.३०

सांगितलं दादा. पुडी दिली. पुढच्या सीटवर जागा मिळाली तिला, आता रोज भांडण आहे तिथं बसण्यावरून.


रंकाळ्याकाठची | २१ जुलै, रात्री १०.०५

धागा वर काढते, कारण सांगायला हवं.

गेल्या मंगळवारी शाळेत तिची साखर पहिल्यांदा उतरली. पावसाची उघडीप होती म्हणून सरांनी चिखलातच फुटबॉल घेतला. नंतर गणिताचा तास. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं पाहिलं की ही पाढ्याची तीच ओळ परत परत लिहित्येय. तिनं हात वर केला नाही, बाईंना विचारलं नाही, सरळ उठून कपाटातली डबी काढली. साखर ५८ होती. एक पुडी. १५ मिनिटांनी ८४. मग पोळी खाल्ली आणि उरलेला तास केला. बाईंनी वहीत वेळ आणि दोन्ही आकडे लिहून पाठवले, खाली लिहिलं होतं, "काळजी नसावी, गणित पूर्ण केलं आहे."

मी ती वही घरी मोठ्यानं वाचून दाखवली. सासूबाई देवघरापाशी वाती वळत होत्या. काही बोलल्या नाहीत.

रविवारी दुपारी बघते तर त्या चौकोनी कागद कापून बसलेल्या. पूर्वी वैद्य बांधायचे तशा पुड्या, दोन चमचे साखर मोजून, चारी कडा आत दुमडून. माझ्या पुड्या दप्तरात सुटतात म्हणाल्या. चौदा बांधल्या. आठवड्याला दहा पुरतात म्हटलं तर म्हणाल्या, "दोन त्या मैत्रिणीकडं दे. आणि दोन रिक्षात. पाऊस आहे, ओल्या होतील."